न झालेल्या लढाईच्या चौक्या : प्रस्तावना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यॉर्कशरमध्ये होल्डरनेस नावाचा पट्टा आहे. तिथे फ्रेझथॉर्प, बार्मस्टनच्या बाजूला पुळणीवरून चालू लागलो की वाळूत काँक्रीटची अवजड धुडे पडलेली दिसतात. कुणी कुशीवर कललेले, कुणी नाकावर आपटलेले, कुणाचे नुसते छप्परच वर उरलेले. जवळ गेल्यावर भिंतीत आडव्या फटी दिसतात, पलीकडे माणूस वाकून आत शिरेल एवढे दार दिसते आणि आत डोकावले तर भरतीचे पाणी साचलेले असते. ही धुडे मुळात पुळणीवर बांधलेली नव्हती. १९४० साली ती वर, कड्याच्या माथ्यावरच्या शेतांत उभी राहिली. समुद्राने कडा खाल्ला आणि ती खाली आली.

त्यांना पिलबॉक्स म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा समुद्र ओलांडून येतील या धास्तीने ब्रिटनने काही महिन्यांत उभारलेल्या या लहान संरक्षक चौक्या. पिलबॉक्स आणि अशा इतर पक्क्या रणचौक्या मिळून सुमारे २८,००० बांधल्या गेल्या असे सर्वसाधारणपणे मानतात. त्यांतल्या साडेसहा हजारांच्या आसपास आज उरल्या आहेत. त्यांचा अभ्यास ही आता पुरातत्त्वाची एक रीतसर शाखा झाली आहे. तिची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

या शाखेत शिरायला कसलीही पूर्वतयारी लागत नाही. लष्करी इतिहासाची पदवी नको, स्थापत्यशास्त्राची नको. पायाखालची जमीन पाहण्याची सवय मात्र हवी, आणि ती मराठी वाचकाला मुळातच असते. ज्याने सह्याद्रीतला एखादा किल्ला नीट पाहिला आहे त्याला तटातल्या जंग्या कशासाठी असतात हे शिकवावे लागत नाही. आतून रुंद, बाहेरून अरुंद अशी ती भोके कोणत्या वाटेवर रोखलेली आहेत हे पाहिले की किल्लेदाराला शत्रू कुठून येईलसे वाटत होते ते कळते. पिलबॉक्सही तसाच वाचायचा. फरक आहे तो काळाचा आणि घाईचा. किल्ला पिढ्यान्पिढ्या वाढत गेला. हा एका उन्हाळ्यात उभा राहिला, आणि ज्या शत्रूसाठी उभा राहिला तो आलाच नाही.

तो उन्हाळा समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने नॉर्वेवर झडप घातली, मे महिन्यात फ्रान्सवर. २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक जीव वाचवून ब्रिटनला पोहोचले, पण शस्त्रे मागेच राहिली. अडीच हजारांच्या घरात तोफा आणि साठ हजारांहून अधिक वाहने फ्रान्समध्ये सोडून द्यावी लागली. २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली. म्हणजे सैन्य होते, पण त्याच्या हातात देण्याजोगे फारसे काही नव्हते. रणगाडा अडवायला तोफ नसेल तर निदान काँक्रीट तरी हवे, असा तो हिशेब होता.

मायदेशातल्या फौजांचे सरसेनापतिपद मे अखेरीस जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे आले. त्यांनी जूनमध्ये मांडलेल्या योजनेत किनाऱ्यावर संरक्षणाची एक पातळ कड होती, तिच्यामागे नद्या, कालवे, रेल्वेचे बांध यांच्या आधाराने आखलेल्या अडवणुकीच्या रेषा होत्या, आणि या सगळ्यांच्या मागे लंडन व मध्य इंग्लंडच्या कारखान्यांना पाठीशी घालणारी मुख्य रेषा होती. किनाऱ्याच्या कडेकडून कुणाची फार मोठी अपेक्षा नव्हती. तिने शत्रूला रोखून धरायचे, जमेल तेवढा वेळ काढायचा, की तोवर मागची कुमक पोहोचेल. कड्यावरच्या पिलबॉक्समध्ये बसणाऱ्या पोरांना हे कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले असेल असे वाटत नाही. पण त्या चौकीला मागच्या अंगाला पळवाटेचा खंदक आहे की नाही हे जमिनीवर शोधले, तर त्या योजनेत त्यांच्या जिवाची किंमत काय धरली होती याचा थोडा अंदाज येतो.

आराखडे लंडनहून आले. युद्धखात्याच्या तटबंदी व बांधकाम संचालनालयाने काही नमुने काढले आणि त्यांच्या नकाशांना क्रमांक दिले. तेच क्रमांक आज अभ्यासकांच्या तोंडी आहेत. बाविसावा नमुना म्हणजे सहा सारख्या बाजूंचा षट्कोन. चोविसावाही षट्कोनच, पण मागची बाजू लांब, तिच्यात दार आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक जंगी. सर्वांत जास्त बांधला गेला तो हाच. पंचविसावा गोल, पन्हळी पत्र्याच्या साच्यात ओतलेला, म्हणून त्याच्या भिंतीवर पत्र्याच्या वळ्या उमटलेल्या असतात. हा दुर्मीळ आहे. सव्विसावा चौकोनी. सत्ताविसावा अष्टकोनी, मधोमध आकाशाला उघडा हौद, कारण तिथे विमानावर मारा करायची मशीनगन बसवायची असे. अठ्ठाविसावा सर्वांत मोठा, रणगाडाविरोधी तोफेसाठी. भिंती काही ठिकाणी फूट-सव्वाफूट, म्हणजे बंदुकीची गोळी अडेल एवढ्या, तर काही ठिकाणी साडेतीन फूट, तोफगोळा सोसतील अशा. आत मधोमध बहुधा इंग्रजी वाय किंवा टी अक्षराच्या आकाराची एक भिंत असते. एका जंगीतून आत आलेली गोळी भिंतींवर आपटत सगळ्यांना लागू नये, आणि छपरालाही टेकू मिळावा, अशी तिची दुहेरी सोय.

नवख्या अभ्यासकाला हे क्रमांक पाठ करण्याचा फार मोह होतो. तो आवरावा. प्रत्यक्ष जमिनीवर गेले की लंडनचा आराखडा आणि गावच्या कंत्राटदाराचे बांधकाम यांत केवढे अंतर पडले ते दिसू लागते, आणि खरी गंमत त्या अंतरात आहे. सफोकच्या किनाऱ्यावर चौकोनी पिलबॉक्सची एक स्वतंत्र जात आढळते. लिंकनशरमध्ये तीन खणांचा पिलबॉक्स आहे, मधला खण उघडा. यॉर्कशरकडे लांबट, बर्फीच्या आकाराचे पिलबॉक्स दिसतात. प्रत्येक लष्करी विभागाचे अभियंते आपापल्या डोक्याने बदल करत होते आणि हाताखालचे गवंडी मिळेल त्या मालात ते बसवत होते.

त्या मालाचीही स्वतःची कहाणी आहे. काँक्रीट ओतायला साचा लागतो आणि साच्याला लाकूड लागते. ब्रिटनला लाकूड यायचे ते बरेचसे स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिककडून. नॉर्वे पडल्यावर ती वाट बंद झाली. मग अनेक ठिकाणी विटांची भिंत उभारून तोच साचा मानला, आत काँक्रीट ओतले आणि विटा तशाच ठेवल्या. म्हणून लांबून विटांचे वाटणारे पिलबॉक्स आतून काँक्रीटचे निघतात. जिथे फळ्या मिळाल्या तिथे भिंतीवर फळ्यांच्या रेषा, लाकडाच्या गाठी आणि खिळ्यांच्या खुणा जशाच्या तशा उमटल्या आहेत. किनाऱ्याजवळच्या बांधकामात खडी म्हणून पुळणीवरचे गोटेच वापरलेले दिसतात, क्वचित त्यांत शिंपलेही. ओल्या काँक्रीटवर कुणीतरी काडीने कोरलेली तारीख किंवा नावाची दोन अक्षरे सापडली, तर ती आधी टिपून घ्यावी. सरकारी कागदात बांधकामाचा आदेश मिळतो. ते प्रत्यक्ष कधी झाले हे पुष्कळदा फक्त भिंतीलाच ठाऊक असते.

आता जंग्यांकडे. पहिल्यांदा कड्यावर जाणारा माणूस असे गृहीत धरतो की समुद्राकडून शत्रू येणार, तेव्हा भोके समुद्राकडे असणार. पुष्कळदा तसे नसते. पुळणीलगतच्या चौक्यांत समुद्राकडची भिंत आंधळी आणि जाड असते, आणि जंग्या डाव्या-उजव्या हाताला, किनाऱ्याच्या लांबीला धरून रोखलेल्या असतात. कारण साधे आहे. समोरून येणाऱ्या होडीवर गोळी झाडली तर एखादाच माणूस टिपला जातो. बाजूने झाडली तर पुळणीवर उतरलेली सगळी रांग एका ओळीत माऱ्यात सापडते. शिवाय आंधळ्या भिंतीमुळे जहाजावरच्या तोफेला नेम धरायला काही मिळत नाही.

कड्याच्या माथ्यावर दुसरीच अडचण उभी राहते. उभ्या कड्यावरून खाली पायथ्याशी गोळी झाडता येत नाही. तिथे पोहोचलेला शत्रू माऱ्यातून सुटतो. त्यामुळे डोव्हरसारख्या खडूच्या ताठ कड्यांवर सलग रांग नाही. जिथे ओढा समुद्राला मिळतो, जिथे कडा खचून चढ सौम्य झाला आहे, जिथून रणगाडा वर येऊ शकतो, त्या खिंडींच्या तोंडाशी चौक्या दाटीने उभ्या आहेत. होल्डरनेसचा मातीचा कडा मात्र माणूस सरपटत चढून येईल असा, म्हणून तिथे मागच्या शेतांवर नजर ठेवणारेही पिलबॉक्स मिळतात. एखाद्या चौकीची जंगी जमिनीच्या अंगाला वळलेली दिसली की समजावे, इथल्या अधिकाऱ्याने छत्रीधारी सैनिकांचाही विचार केला होता, किंवा पुळणीवरची फळी फुटल्यावर काय करायचे याचा.

एक धोक्याची सूचना इथेच देतो, कारण या विषयातले बरेचसे हौशी लेखन तिथेच घसरते. पिलबॉक्स एकटा नव्हता. त्याच्यापुढे काटेरी तारा होत्या, सुरुंग पेरलेले होते, पाण्यात लोखंडी नळ्यांची चौकट उभी केलेली होती, पुळणीवर रणगाडा अडवायला काँक्रीटचे चौकोनी ठोकळे होते, मागे खंदक आणि वाळूच्या पोत्यांची मोर्चेबंदी होती. यांतले बहुतेक सगळे युद्ध संपताच उचलले, बुजवले, मोडीत काढले गेले. काही काढणे तर जीवघेणे होते. नॉरफोकमधल्या ट्रिमिंगहॅमला घसरत्या कड्याबरोबर सुरुंगही हलले, आणि ते शोधण्याचे काम युद्धानंतर अनेक वर्षे चालले. काँक्रीट तेवढे मागे राहिले, कारण ते फोडण्याचा खर्च कुणालाच परवडत नव्हता. त्यामुळे आज आपल्याला १९४० चे संरक्षण म्हणजे काँक्रीटच असे वाटते. जे टिकले तेच महत्त्वाचे होते असे मानण्याची ही चूक टाळायची तर पिलबॉक्सभोवतीची शंभर-दोनशे मीटर जमीनही तितक्याच बारकाईने पाहावी लागते. पिकातला रंगाचा फरक, बांधातले खिंडार, कुंपणाला लावलेला गंजका नळ हे सारे पुरावेच आहेत.

लपवण्याची कलाही या विषयात येते, आणि ती वाचताना इंग्रज माणसाच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पिलबॉक्सला चहाच्या टपरीचे, गवताच्या गंजीचे, पुळणीवरच्या कपडे बदलायच्या खोलीचे सोंग दिले जाई. ऑलिव्हर मेसेल हे रंगभूमीचे नामांकित नेपथ्यकार. त्यांनी सॉमरसेटमध्ये हेच काम केले. ससेक्समधल्या पेव्हन्सीच्या किल्ल्यात तर रोमन काळच्या पडक्या तटातच मशीनगनच्या चौक्या बेमालूम बसवल्या, तटाचाच दगड वापरून. युद्ध संपल्यावर त्या काढाव्यात का, असा प्रश्न आला तेव्हा त्या किल्ल्याच्या इतिहासाचाच भाग म्हणून राहू दिल्या. चौथ्या शतकातला तट आणि विसाव्या शतकातली जंगी आज तिथे एकाच भिंतीत पाहायला मिळतात. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

मग हे सगळे फुकट गेले का? जुलै १९४० मध्ये आयर्नसाइड जाऊन त्यांच्या जागी ॲलन ब्रूक आले. ब्रूक यांनी फ्रान्समध्ये माघारीची लढाई स्वतः लढलेली होती. एका जागी खिळलेल्या चौक्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. फिरत्या राखीव फौजेने शत्रूवर उलट हल्ला करावा असे त्यांचे मत होते. हळूहळू काँक्रीटचा जोर ओसरला. तिकडे हिटलरने १७ सप्टेंबरला आक्रमणाचा बेत बेमुदत पुढे ढकलला, तो आकाशातली लढाई जिंकता आली नाही म्हणून आणि इंग्लिश खाडी ओलांडताना ब्रिटिश आरमाराला तोंड देण्याची ताकद नव्हती म्हणून. पिलबॉक्सच्या भीतीने नव्हे. हे मान्य करूनही ‘फुकट’ हा शब्द मला पटत नाही. त्या उन्हाळ्यात पिलबॉक्सने दोन कामे केली. हाती काही नसलेल्या फौजेला आणि होमगार्डमध्ये भरती झालेल्या दुकानदार-शेतकऱ्यांना उभे राहायला एक नेमकी जागा मिळाली. आणि गावोगावच्या लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडते आहे हे दिसले. लष्करीदृष्ट्या ही कामगिरी किरकोळ असेल, पण इतिहासकाराला ती किरकोळ मानून चालणार नाही.

अभ्यासाची ही शाखा विद्यापीठात जन्मली नाही, आणि तिचा तोच मला आवडणारा गुण आहे. सॉल्झबरीच्या एका वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढणारे हेन्री विल्स यांनी देशभरच्या वाचकांकडून माहिती मागवत, स्वतः हिंडत पिलबॉक्सची नोंद जमवली. त्यांचे पुस्तक १९८५ साली आले आणि पुढच्या प्रत्येकाचा पाया तेच ठरले. त्याच्या आधी, खाडीच्या पलीकडे, पॉल व्हिरिलिओ या फ्रेंच विचारवंताने अटलांटिक किनाऱ्यावरच्या जर्मन बंकरांची छायाचित्रे काढून १९७५ साली पॅरिसमध्ये प्रदर्शन भरवले आणि पुस्तक काढले. विल्स मोजमापाचे माणूस, व्हिरिलिओ कल्पनेचे. व्हिरिलिओंना या वास्तूंत थडगी दिसली, देवळे दिसली, आधुनिक युद्धाचे सारे तत्त्वज्ञान दिसले. विद्यार्थ्यांनी दोघांनाही वाचावे. पण कड्यावर जाताना सोबत विल्स असू द्यावेत.

पुढे कॉलिन डॉबिन्सन यांनी सरकारी दफ्तरखाने उपसून कुठे काय बांधायचे ठरले होते याचा कागदोपत्री माग काढला. आणि १९९५ मध्ये, युद्धसमाप्तीला पन्नास वर्षे होत असताना, ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ हा प्रकल्प हाती घेतला. २००२ पर्यंत सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी वीस हजारांच्या आसपास जागांची नोंद केली. निवृत्त शिक्षक, गावचे टपालवाले, सुटीच्या दिवशी सायकल काढणारी मंडळी, असे हे लोक. त्यांच्या टिपणांत चुका आहेत, एकच पिलबॉक्स दोनदा नोंदल्याचीही उदाहरणे आहेत. तरी इतक्या थोड्या काळात इतके मोठे काम पगारी तज्ज्ञांकडून झाले असते असे मला वाटत नाही. त्यानंतर हवाई छायाचित्रांचा आधार वाढला. युद्धाच्या अखेरीस आणि नंतरच्या काही वर्षांत हवाई दलाने देशभर उंचावरून सरळ खाली रोखून काढलेल्या फोटोंत खंदक, तारांच्या ओळी, ठोकळे अजून जागेवर दिसतात. सफोकच्या किनाऱ्याचा असा अभ्यास २००७ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि जमिनीवर एकटा पडलेला पिलबॉक्स पुन्हा आपल्या परिवारात दिसू लागला.

आता कड्याविषयी. या ग्रंथाचा निम्मा भाग खरे तर कड्याचाच आहे.

होल्डरनेसचा किनारा फ्लॅम्बरो हेडपासून स्पर्न हेडपर्यंत सुमारे ६० किलोमीटर पसरला आहे. गेल्या हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमाती-गोट्यांचा हा कडा, त्यात पक्का खडक नाही. समुद्र पायथा पोखरतो, पाऊस माथ्यावरून मुरतो, ओली माती जड होते आणि वाकड्या पृष्ठभागावरून मोठा तुकडा आपल्याच वजनाने खाली सरकतो. सरासरीने वर्षाला दीड ते दोन मीटर जमीन जाते. युरोपातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांत याची गणना होते. रोमन काळापासून कित्येक किलोमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यावरची गावेच्या गावे समुद्रात गेली. हा हिशेब पिलबॉक्सला लावून पाहा. वर्षाला पावणेदोन मीटर धरले तरी १९४० पासून आजवर जवळजवळ दीडशे मीटर होतात. म्हणजे त्या वेळी कड्यापासून बऱ्यापैकी आत, शेताच्या मध्यावर बांधलेली चौकीही आज पुळणीवर असू शकते.

घर असते तर पडताना मोडले असते. पिलबॉक्स मोडत नाही. त्याला खोल पाया नाही, सगळा मिळून एकच ठोकळा आहे. त्यामुळे खचणाऱ्या मातीवर बसून तो अखंड खाली येतो. आणि तिथे आल्यावर तो थांबतो, कडा मात्र मागे सरकत राहतो. इथे भूशास्त्रज्ञाचे कान टवकारतात. पिलबॉक्स पडला ते वर्ष गावकऱ्यांच्या फोटोंवरून ठरवता आले, तर त्याच्यापासून आजच्या कड्याच्या पायथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तेवढ्या वर्षांची झीज. ही पद्धत डोळे झाकून वापरता येत नाही. वादळी लाटा इतक्या जड वस्तूलाही थोडे ढकलतात, वाळू तिला गिळते, कधी उघडी करते. तरी नकाशे आणि हवाई फोटोंच्या जोडीने ती चांगली साक्ष देते. युद्धासाठी बांधलेली वस्तू किनाऱ्याची मोजपट्टी झाली, हे तिच्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

होल्डरनेसच्या दक्षिण टोकाला किल्नसी येथे गॉडविन बॅटरी आहे, पहिल्या महायुद्धातली. तिचे काँक्रीटचे अवशेष असेच पुळणीवर विखुरले आहेत, आणि जवळच आत शेतात शत्रूच्या विमानांचा आवाज टिपायला उभारलेला काँक्रीटचा ध्वनि-आरसा अजून ताठ उभा आहे. एसेक्समध्ये वॉल्टन-ऑन-द-नेझला, केंटमधल्या शेपी बेटावर वॉर्डन पॉइंटला, नॉरफोकमधल्या हॅपिसबर्गला हीच कथा वेगवेगळ्या मातीत घडली. डेन्मार्कमध्ये थ्यूबोरॉनच्या पुळणीवर आणि फ्रान्समध्ये पिलाच्या प्रचंड वाळूच्या टेकडीखाली जर्मन बंकर समुद्रात उतरले आहेत. या जर्मन बांधकामांचा अभ्यास करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ब्रिटनचे पिलबॉक्स स्थानिक कंत्राटदारांच्या मजुरांनी बांधले; अटलांटिक भिंत म्हटल्या जाणाऱ्या या जर्मन तटबंदीसाठी मात्र पकडून आणलेल्या, सक्तीने राबवलेल्या माणसांचा फार मोठा वापर झाला. काँक्रीट दोन्हीकडे सारखेच दिसते. म्हणूनच ते कुणाच्या हातून ओतले गेले हा प्रश्न आधी विचारावा.

पडणारे पिलबॉक्स वाचवावेत का, हा या शाखेतला जुना वाद. नॉर्मंडीत प्वांत द्यू ऑकच्या कड्यावर ६ जून १९४४ रोजी सव्वादोनशे अमेरिकी रेंजर दोर टाकून चढले. दोन दिवसांनी लढण्याजोगे नव्वदच्या आसपास उरले. तिथला निरीक्षण-बंकर कड्याच्या अगदी टोकाशी आला होता, आणि २०१० च्या सुमारास मोठा खर्च करून तो कडा आतून बांधून काढण्यात आला. तिथे रक्त सांडले आहे, तेव्हा तो खर्च समजण्यासारखा आहे. होल्डरनेसच्या चौक्यांत कुणी लढले नाही. शिवाय तिथे कडा रोखणे म्हणजे दुसऱ्याचा कडा पाडणे. १९९१ मध्ये मॅपलटन गाव आणि रस्ता वाचवायला खडकांचे बांध घातले. वाहून येणारी वाळू त्यांनी अडवली आणि गावाच्या दक्षिणेकडच्या शेतांची झीज वाढली. गावासाठी जे करताना इतका विचार करावा लागतो, ते एका रिकाम्या पिलबॉक्ससाठी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते पडतील. त्यांना पडू द्यावे. पण नोंद न होता एकही पडू नये, आणि आतल्या भूभागात जे सुरक्षित आहेत, ज्यांत आज वटवाघळे हिवाळा काढतात किंवा मेंढ्या पावसात उभ्या राहतात, ते मात्र कायद्याने जपावेत.

आपल्याकडचा संबंध ओढूनताणून जोडायचा नाही असे ठरवले होते, पण एक उल्लेख टाळता येत नाही. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर त्या काळचे काँक्रीटचे पिलबॉक्स आजही उभे आहेत आणि त्यांच्याजवळून रोज हजारो माणसे फिरायला जातात. इंग्लंडची पद्धत तिथे लावून पाहण्यासारखी आहे, आणि तिथे पोहोचायला व्हिसा लागत नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम सोपा ठेवला आहे : आधी जमीन, मग वास्तू, मग कागद, शेवटी समुद्र. ज्यांना नमुन्यांचे क्रमांक कंटाळवाणे वाटतील त्यांनी ते प्रकरण खुशाल ओलांडून पुढे जावे. गरज पडली की परत यावेच लागते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा मुलांकडे तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. किनाऱ्यावर गेलात आणि पिलबॉक्स दिसला, तर चारही बाजूंनी फोटो काढा. मापासाठी फोटोत एखादी काठी ठेवा. तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, आणि कड्याच्या कडेपासून तो किती लांब आहे याचा अंदाज लिहा. आधी कुणी नोंद केली असेल तरी तुमची करा, कारण वर्षभरात तो हललेला असतो. प्रत्येक काउंटीत ऐतिहासिक नोंदी ठेवणारे एक कार्यालय असते आणि ते सामान्य नागरिकांकडून आलेली अशी माहिती स्वीकारते. तिथे ती पाठवा. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, वरून घट्ट दिसणारी जमीन खालून पोकळ असते. पडलेल्या पिलबॉक्सच्या आत शिरू नका. मॅपलटनजवळ काउडनला हवाई दलाचे बाँबफेकीच्या सरावाचे मैदान होते आणि झिजणाऱ्या कड्यातून तिथला न फुटलेला दारूगोळा अजून खाली येतो, तेव्हा पुळणीवर गंजके लोखंड दिसले तर हात लावू नका. आणि भरतीची वेळ पाहिल्याशिवाय खाली उतरू नका.